पत्रिकेच्या कोपऱ्यातला निरोप

माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, ही माझी धंद्यातली खोड. ती मी कॉम्प्युटरलाही लावतो. नवीन मशीनने पहिल्याच दिवशी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी न वाचता ‘येस’ दाबलं. त्यानं गप्पा मारायचा एक प्रोग्रॅम जागा झाला. मी तो मागितला नव्हता, मशीनबरोबर आयताच आला होता. बायको चिंचोळी एमआयडीसीत एका ऑफिसात असते, तिच्याकडेही तोच. मग दिवसभर माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचे निरोप टपकू लागले.

वळसंगच्या एका घराण्याच्या सगळ्या पत्रिका माझ्याकडेच होतात. छापण्याआधी घरातले थोरले आप्पा स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसतात आणि दिसेल ते अक्षर मोठ्यानं वाचतात. मागे पाहुणे कान देऊन उभे. एखादा चुलता खाली गेला आणि मामा वर आला की भाऊबंदकी पेटलीच म्हणून समजा. या खेपेला नावं इतक्यांदा वरखाली झाली की मी रोज घरी जाऊन बायकोपाशी कुरकुरत होतो.

त्या दिवशी आप्पा तालात शेवटाला आले. ‘‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! वळसंगची कटकट गेली का? येताना कोथिंबीर आणा.’’

शेवटची दोन वाक्यं पत्रिकेतली नव्हती, कोपऱ्यात टपकलेला बायकोचा निरोप होता.

‘‘मशीन बिघडलंय, आप्पा,’’ मी म्हणालो.

‘‘मशीनला कोथिंबीर कशाला लागती?’’

‘परवा बघू’ म्हणून ते चहा न घेताच उठले. हे गिऱ्हाईक तुटलं तर दुसऱ्या कुणाला काय तोंड दाखवणार?

संध्याकाळी मी सगळा राग त्या प्रोग्रॅमवर काढला. फुलीवर क्लिक केलं, तर तो खाली घड्याळाशेजारी जाऊन बसला. मग त्याचं चिन्ह डिलीट केलं आणि शेजारच्या दुकानात सांगून आलो, ‘‘उडवला!’’ सकाळी मशीन लावलं तर सगळ्यांच्या आधी तोच हजर, वर बायकोचा निरोप, ‘डबा विसरलात.’ शेवटी सेटिंगमध्ये, मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या मंडळींत तो सापडला. त्याच्यासमोरचं एक बटण बंद करायचं, बस्स. दार उघडं असताना मी भिंतीला धडका देत होतो. बायकोला मात्र सांगितलं, ‘‘आपोआप बंद पडला.’’

ठरल्याप्रमाणे आप्पा आले. मला इतकं हायसं वाटलं की मी दोनदा चहा सांगितला. त्यांनी पत्रिका वाचून संपवली, तरी ते कोपऱ्याकडे बघत बसले.

‘‘आज तुमच्या घरच्यांचं काय आलं न्हाय?’’

‘‘बंद केलं, आप्पा.’’

‘‘मग आता तुमीच सांगा की. कटकट हाय का आमी?’’

जीभ सवयीनं ‘छे छे’कडे वळली होती. पण त्यांचे डोळे माझ्यावरच होते, आणि मशीनवर ढकलायची सोय मीच घालवली होती.

‘‘आहे, आप्पा,’’ मी म्हणालो. ‘‘लई आहे.’’

मागचे पाहुणे पंख्याकडे बघू लागले.

‘‘व्हय की,’’ आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. ‘‘आमच्या घरात बी ह्येच म्हनत्यात. माझ्यासमोर कोन बोलत न्हाय, एवढंच. छापा आता.’’