गाडीत भरलेली पहाट

साऱ्या नगर जिल्ह्यात हवेवर मालकी सांगणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. पुणतांब्याला एका वर्षी ऊस चांगला झाला, तेव्हा त्यांनी एक जुनी मोटार घेतली. उन्हाळ्यात कुठे जायचं असलं की ते पहाटेच गाडी गोदावरीच्या काठाला नेत, चारी दारं सताड उघडी टाकत आणि आत गार हवा पुरेशी भरली अशी खात्री पटली की दारं-काचा घट्ट लावून घरी आणत. निघायचं मात्र अकरा वाजता, आत्याचा स्वयंपाक उरकल्यावर. बसायचं एकाच दाराने आणि तेही झटपट. आत्या पदर सावरत रेंगाळली की ते खेकसत, "बस की लवकर, हवा सांडतीया." वाटेत काचेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बाहेरची हवा धुळीची, आतली आपली स्वतःची, असं त्यांचं म्हणणं. दर दोन मैलांनी ते विचारत, "गार हाय का न्हाई?" आणि आम्ही घामाच्या धारा पुसत "आहे" म्हणत असू.

अशाच एका मे महिन्यात ते आणि आत्या मला मुलगी बघायला नेवाशाला घेऊन निघाले. आधी दोन ठिकाणांहून मला नकार आला होता आणि या मुलीचा फोटो मला मनापासून आवडला होता, म्हणून मी कडक इस्त्रीचा सदरा घालून अंग चोरून बसलो होतो. नेवाशात उतरलो तेव्हा सदरा पिळून वाळत घालावा असा झाला होता. चेहरा लालबुंद, आणि हातातल्या चहात घाम टपकत होता. मुलीच्या वडिलांनी ते बराच वेळ पाहिलं आणि हळूच आतोबांना म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका, पर मुलाला काई दुखणं हाय का?" खरं सांगावं तर आतोबांची शोभा, न सांगावं तर माझं लग्न गेलं.

आतोबांनी बशी खाली ठेवली. "त्याला कायबी झालं न्हाई. गाडीत लई उकडत हुतं. म्याच काच उघडू दिली न्हाई." आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

लग्न जमलं. पण त्यानंतर आतोबांनी गाडी पहाटे नदीवर कधी नेली नाही. काचा उघड्या टाकून आम्ही सगळे धूळ खात हिंडायचो आणि ते मुकाट्याने गाडी चालवायचे. बायको म्हणायची, "आतोबांच्या गाडीत किती छान वारं लागतं." मी आतोबांच्या पाठीकडे बघायचो. तेवढ्या वाऱ्यातही मला फार वाईट वाटायचं.