टाकीच्या झाकणावरचं कुंकू

आई आजारी पडल्यापासून माझं देवाशी बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. नव्वद सालाच्या आगेमागची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहायचो, मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होतो आणि आई कल्याणच्या इस्पितळात पडून होती. जिनं देवीचा एक मंगळवार कधी चुकवला नाही, तिच्या वाट्याला असलं दुखणं यावं, याचा मला राग होता. मी देव्हाऱ्याकडे बघणंही सोडलं होतं.

त्यात माझ्या जुन्या मोटारसायकलनं उच्छाद मांडला होता. सुरू व्हायची झोकात, पण थोडं अंतर गेलं की आचके देत बंद पडायची. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, पॉइंट घासले. सगळ्या कारखान्याची यंत्रं दुरुस्त करणारा मी, पण घरची गाडी मला दाद देत नव्हती.

एका दुपारी कारखान्यात बाबांचा फोन आला. "आईचं काही खरं नाही रे. सारखं तुझं नाव घेतेय. नीघ तू." लोकल बंद पडल्या होत्या, म्हणजे मोटारसायकलशिवाय इलाज नव्हता. मुंब्रा ओलांडेपर्यंत ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा मी प्लग काढून पुसला, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहिलं आणि किक मारली. ती चालू झाली. दोष प्लगचाच, अशी माझी खात्री पटली. शीळफाट्याच्या पुढे ती पुन्हा थांबली, तेव्हा घाईघाईत फक्त प्लग पुसला. मग किक मारून मारून पाय भरून आला, पण गाडी ढिम्म. रस्त्याकडेला शेंदूर उडालेला देवीचा एक दगड होता, त्याच्यापाशी मी बसलो आणि रडलो. "माझ्यानं आता होत नाही, तुला काय करायचं ते कर," एवढंच मनात आलं.

तेवढ्यात रिकामी टोपली घेऊन एक वयस्कर आगरी बाई तिथं थांबली. "काय झाला र पोरा?" मी आईचं सांगितलं. तिची नजर टाकीच्या झाकणावर गेली. दर मंगळवारी आई त्यावर तेलात कालवलेलं कुंकू लावायची. तिच्या लेखी ते गाडीचं कपाळ होतं. थरावर थर चढले होते, पण कुंकू पुसायचं कसं, म्हणून मी कधी हात लावला नव्हता.

"देवीपुढं बसलास न कपाल मोकला?" असं म्हणत बाईनं अंबाड्यातला आकडा काढला, झाकणावरचं वाळलेलं कुंकू खरवडलं, आधी दगडाला लावलं आणि मग माझ्या कपाळाला. "जा आता. आय वाट बघतेय तुझी." खरं सांगायचं तर मी वैतागलो होतो. तिकडे आई चाललीय आणि हिला कुंकू सुचतंय. तरी उठून गाडीपाशी गेलो. किक मारली. गाडी सुरू झाली आणि कल्याणपर्यंत एकदाही अडखळली नाही.

आई शुद्धीवर होती. माझ्या कपाळाकडे बघत तिनं विचारलं, "देवीला जाऊन आलास?" मी हो म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. तिनं माझा हात धरला, तो सोडला नाही. दिवेलागणीला ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर पेट्रोल भरताना मला झाकणावर, किल्लीच्या जागेशेजारी, एक बारीक भोक दिसलं. त्यातून टाकीत हवा जाते. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. मी झाकण उघडत होतो म्हणून गाडी चालू होत होती आणि श्रेय प्लगला देत होतो. आईच्या हातच्या कुंकवानं ते भोक बुजलं होतं, आणि त्या आकड्यानं मोकळं केलं होतं. बाबांना हे मी कधीच सांगितलं नाही. त्या बाईला शोधत पुढे कितीदा तरी त्या रस्त्यावर थांबलो. ती काही भेटली नाही.

हा योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आई वाचावी हे माझं मागणं होतं, ते मिळालं नाही, आणि ते दुःख अजून तसंच आहे. पण आता देवीपुढे उभा राहिलो की काही मागावंसं वाटत नाही. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, एवढंच आठवतो आणि नमस्कार करतो.