कपाटातला दुसरा स्पीकर

देवासच्या उमाबाईंच्या घरात सागवानी स्पीकरची एक जोडी होती. त्यांच्या धाकट्या भावाने, शरदने, खोकी स्वतः तासून आत परदेशी स्पीकर बसवले होते. बदनावरच्या रस्त्यावर अपघातात तो गेला आणि ताईकडे त्याची तेवढीच धड वस्तू उरली. जोडी वाजवणारा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या एका मित्राने लग्नासाठी मागून नेला तो जाळूनच परत आणला. तेव्हापासून जोडी मुकी होती. स्पीकरच्या आतले थरथरणारे कागद फाटले तर तसे पुन्हा मिळणार नाहीत, असं इंदूरच्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून उमाबाई जोडीवरची धूळसुद्धा श्वास रोखून पुसत.

त्र्याऐंशी साली यजमानांना, संताजीरावांना, कारखान्यात बातमी लागली की धारचा एक लाउडस्पीकरवाला धंदा आवरतोय. दोघं बसने निघाली. उमाबाईंनी पिशवीत जुन्या रेडिओचा स्पीकर घातला.

"अगं, हे भंगार कशाला?"

"असू द्या. आधी याच्यावर लावून बघू."

"मुलगी बघायला निघालो की अ‍ॅम्प्लिफायर?"

धारच्या दुकानदाराने पहिलंच शंभर वॉटचं धूड पुढे ओढलं. "भिया, ले जाओ, पूरा मोहल्ला सुनेगा!" संताजीरावांचे डोळे चमकले. उमाबाईंना मात्र शरद आठवला. तो म्हणायचा, "ताई, मोठ्याला भिऊ नये, बिघडलेल्याला भ्यावं." पण बिघडलेला बाहेरून ओळखायचा कसा?

उमाबाईंनी पिशवीतलं भंगार पुढे केलं. "बेनजी को भरोसा नहीं," असं म्हणत दुकानदाराने तारा जोडून बटण दाबलं. धप्प! स्पीकरचा कागद पुढे फुगला आणि तसाच अडकून राहिला. गाणं नाही, काही नाही. मग जळका वास सुटला.

उमाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "देवा," एवढंच तोंडातून निघालं. त्या जागी शरदचा स्पीकर असता तर!

शेवटी उमाबाईंनी कोपऱ्यातला पंचवीस वॉटचा, पोपडे उडालेला अ‍ॅम्प्लिफायर निवडला. दुकानातल्याच दुसऱ्या स्पीकरवर तो तासभर वाजवायला लावला. संताजीराव तोवर दोनदा चहा पिऊन आले.

घरी आल्यावरही भीती सुटेना. सासरी-माहेरी जाताना बायका दागिने कधी एका गाठोड्यात नेत नसत. अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे. उमाबाईंनी तोच नेम लावला. एक स्पीकर जोडला, दुसरा जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

"स्टिरिओ आहे गं तो, दोन्ही लागतात."

"एक गेला तर एक राहील."

वर्षभर असंच चाललं. मग रेकॉर्ड प्लेअरवरच्या नव्या भजनाच्या तबकडीत नुसतीच झांज वाजू लागली. गाणारीचा आवाज दुसऱ्या स्पीकरच्या वाटणीचा, त्यामुळे भिंतीपलीकडून आल्यासारखा.

"बाई शेजाऱ्यांकडे गेली वाटतं," संताजीराव म्हणाले.

उमाबाई हसल्या नाहीत. शरदने जोडी केली होती. आपण ती तोडून ठेवली, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी कपाट उघडलं. लुगड्याला भोक पडलं होतं. आत स्पीकरवरचं कापड एका कोपऱ्यात कुरतडलेलं, आणि तळाशी उंदराच्या लेंड्या. खोकं छातीशी धरून उमाबाई तिथेच खाली बसल्या. आतला कागद शाबूत आहे का, हे बघायचा धीर होईना.

"अहो, तुम्ही जोडा. माझ्याच्याने होत नाही."

संताजीरावांनी तारा जोडल्या. उमाबाईंनी फाटक्या कापडातून दोन बोटं आत सरकवली, कागदाला अलगद टेकवली आणि मानेनेच 'लावा' अशी खूण केली. संताजीरावांनी बटण फिरवलं. आधी घूं झालं. मग बोटांखाली कागद थरथरला आणि गाणारी बाई घरात आली.

संताजीराव आवाज वाढवायला वळले.

"नको," उमाबाई म्हणाल्या. "एवढाच."

तबकडी संपेपर्यंत त्यांनी बोटं काढली नाहीत.