दुमडलेली स्ट्रिप

मंगळवारी आई गेली. तिच्यामागे धाकट्या भावाच्या गोळ्या माझ्याकडे आल्या.

भावाला नसलेले आवाज ऐकू येतात, बारा वर्षं झाली. यवतमाळचे डॉक्टर गोळ्या देतात. राळेगावच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताई पंधरा दिवसांनी त्याच्याशी बोलतात. गावातली आशाताई घरी येऊन तो गोळ्या घेतो का ते पाहते. या तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. एकाचं म्हणणं दुसऱ्याकडे आई एसटीने घेऊन जायची. तिला वाचता येत नव्हतं. मी पुसदला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. फोनवर विचारायचो, "बरा आहे ना?" ती म्हणायची, "हाये."

तेरवीपर्यंत भाऊ आपल्या हातानेच गोळ्या घेत होता. तेरवी झाल्यावर मी रजा वाढवली आणि तिची कापडी पिशवी रिकामी केली. यवतमाळचा कागद, राळेगावच्या आरोग्य शिबिरातला जुना कागद, गोळ्यांच्या स्ट्रिपा. एक स्ट्रिप मधोमध दुमडून रबर लावलेली, आत गोळ्या शिल्लक. त्या गोळीचं नाव शिबिराच्या कागदावर होतं. आईने जपून ठेवली, असं मला वाटलं. मी दोन्ही कागद समोर घेऊन वेळापत्रक लिहिलं. घरात नुसता फिरत होतो इतके दिवस; हाताला काम मिळालं म्हणून बरं वाटलं.

वेळापत्रकाप्रमाणे गोळ्या द्यायला लागलो, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी भावाच्या हातातला चहा सांडला. मान एका बाजूला ओढली गेली होती, शब्द फुटत नव्हता. आशाताई आली. तिने आधी पिशवीच उघडली.

"हे दुमडलेली काहून देल्ली जी, सर?"

"कागदावर आहे."

"राहू द्या कागदावर. मावशी बंद झालेली गोळी दुमडून ठेवे. यवतमाळच्या डाक्टरनं तोंडीच बंद केलती. मले तिनंच सांगतलं."

त्याच पावली त्याला यवतमाळला नेलं. इंजेक्शनने दुपारपर्यंत मान सरळ झाली. डॉक्टर आपलाच कागद उलटसुलट करून पाहत होते. "आई सगळं सांगायच्या," ते म्हणाले. "लिहायचं राहून गेलं."

मी समुपदेशक ताईंना फोन लावला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. बाहेर रांग होती, तरी ते बोलले. आई गेल्यापासून भाऊ झोपत नाही, हे ताईंना ठाऊक होतं. डॉक्टरांना नव्हतं. मी तर त्याच घरात होतो.

परतीच्या एसटीत भावाला विचारलं, "तुले माहीत होतं, ते बंद हाये म्हणून?"

"हो."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू वाचून देऊन राह्यलता ना. मले वाटलं, लिहेल हाये त बरोबरच असन." थोड्या वेळाने तो हसला. "माय अंगठेबहाद्दर, पण तिनं कधी असा घोळ नाही केला."

मला हसता आलं नाही.

आता एक वही आहे; भाऊ ती बरोबर घेऊन जातो. डॉक्टर, ताई आणि आशाताई तिच्यात एकाच पानावर लिहितात. डॉक्टरांना दर वेळी आठवण करून द्यावी लागते. मी शनिवारी पुसदहून येतो, ती वाचतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. भाऊ झोपतो, पण रोज नाही. बंद झालेली स्ट्रिप तो स्वतः दुमडतो.