हल्ली किती करतास?

बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले आणि घरात भांडण पेटलं. तिला हवे होते माहेरचे जुने डॉक्टर, सत्तरी ओलांडलेले. लग्नाआधी तिचं अपेंडिक्स त्यांनीच काढलेलं. मी म्हटलं, "गो, तेवा ते तिशीत होते! आता हात थरथरलो तर?" माझं लक्ष कुडाळच्या नव्या डॉक्टरीणबाईंवर.

"पोरगी ती. तिका काय कळता?" असं म्हणून बायको थेट देवळात गेली. जुन्या डॉक्टरांकडे जाऊ का, म्हणून तिने कौल लावला. गुरवाने देवाला लावलेली पाकळी उजवीकडे पडली. झालं! देवच तिच्या बाजूने, तिथे माझं कोण ऐकतो? पण जीव टांगणीला लागला होता. तिला काही झालं असतं तर मी काय करणार होतो? गेलो मुकाट तिच्यामागून डॉक्टरांकडे.

मी आयुष्यभर देवगडात आंब्याची कलमं बांधली. आमच्यात कुणी वय विचारत नाही, या पावसात किती बांधलीस ते विचारतात. दवाखान्यात तेच तोंडातून निघून गेलं. "डॉक्टर, हल्ली महिन्याक किती करतास?"

बायकोने असा चिमटा काढला की मी बोंबच मारणार होतो.

डॉक्टर मात्र हसले. "पूर्वी रोज ऑपरेशनं करायचो, आता महिन्यात एखादं. हात थरथरत नाही हो, पण सवय सुटलीय. कुडाळच्या बाई रोज करतात. त्यांच्याकडे जा, मी येऊन शेजारी उभा राहतो."

आणि खरंच येऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी बायको घरी आली, आठव्या दिवशी माझ्यावर ओरडायला लागली. इतकं गोड ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पावसाळ्यात कलमांचे दिवस आले. पडवीत सुरी परजत बसलो होतो. चहा पुढे ठेवत बायकोने विचारलं, "हल्ली किती बांधतास?"

गेल्या पावसात वीसेक बांधली, त्यातली निम्मी सुकली. दोष पावसाला दिला होता. आमची सून रोपवाटिकेत कामाला जाते, रोज ढीगभर बांधते. तिला हाक मारून सुरी हातात दिली आणि शेजारी उभा राहिलो.

ती पहिलीच काडी बांधत होती, तेवढ्यात मी दोनदा मध्ये तोंड घातलं.

"नुसते उभे रवा," बायको म्हणाली.

राहिलो.