समान वाटल्यास प्रत्येकास किती?

शाब्दिक उदाहरणांचा मला पहिल्यापासून राग. पुस्तकातली ती माणसं खामखा काहीतरी वाटत बसतात, नाहीतर हौद भरतात आणि भरता भरता खालची तोटी उघडी ठेवतात. अरे, बंद कर की ती तोटी! आमच्या लातुरात नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, आणि हा बाबा एकीकडून भरतोय, दुसरीकडून सोडतोय. ते उदाहरण शिकवताना माझाच जीव तुटायचा. तरी मी आयुष्यभर तेच शिकवत आले.

माझं माहेर मुदखेडचं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा आमच्या गल्लीत एक पिठाची गिरणी आणि एक शिंपीदादांचं दुकान, एवढंच होतं. भूकंपानंतरच्या वर्षांत बघता बघता गल्लीचं रूप पालटलं. फाटकाफाटकावर फिजिक्स, केमिस्ट्रीच्या पाट्या लागल्या. लोकांनी गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या आणि त्यात भोकर-देगलूरकडची पोरं पुस्तकं घेऊन राहायला आली. मला जो तो सांगायचा, बाई, बारावीचं घ्या, चिल्ल्यापिल्ल्यांत काय ठेवलंय. मी मात्र पुढच्या खोलीत सतरंजी टाकून तिसरी ते पाचवीच्या पोरांना घेऊन बसायची. आमचे हे चेष्टा करायचे, "सगळी गल्ली डॉक्टर घडवायलीय, अन् आमच्याकडं अजून आंबे वाटायचंच चाललंय."

पोरांना एक रोग असतो. उदाहरण अर्धंही वाचत नाहीत आणि विचारतात, "बाई, बेरीज का वजाबाकी?" मी म्हणायची, पुस्तक मीट, आकडे विसर, आधी गोष्ट सांग. कोण आहे, काय करतोय, त्याला काय पाहिजे? गोष्ट कळली की गणित आपोआप येतं. पण गोष्ट जास्त कळली तरी पंचाईत. शिंपीदादांची मुलगी माझ्याकडं यायची. एका सदऱ्याला अडीच मीटर कापड, तर दहा मीटरमध्ये किती सदरे? तिनं लिहिलं, तीन.

"चार होतात गं बये!"

"बाई, कापड आधी भिजवावं लागतं. आटतं ते. अब्बा चार कधीच कापत न्हाईत."

"पुस्तकातलं कापड आटत न्हाई."

"मग ते कुठं मिळतं सांगा, अब्बाला सांगते."

सगळी सतरंजी खो खो हसली. मीही हसले, आणि मग आवाज चढवून चार लिहायला लावले.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी एक मुलगी आली. तिची मावशी आमच्याच गल्लीतल्या मेसमध्ये पोळ्या लाटायची, ती हाताला धरून घेऊन आली. मुलगी पाचवीत, किडकिडीत, डोळे मोठे. मावशीनं दारातच सगळं सांगितलं. भूकंपात हिचे आईबाप आणि भावंडं गेली. त्या रात्री ही आजोबांसोबत शेतावर राखणीला होती म्हणून दोघं वाचली. आजोबा गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडात राहत होते. मावशीची एकच खोली, तिची स्वतःची लेकरं त्यातच, आता हीही. पुण्याची एक संस्था अशा मुलांना नेऊन शिकवत होती, चांगली माणसं होती, तिथं हिचं नाव दिलेलं होतं. पण आपल्या जिल्ह्यातच सहावीपासूनची सरकारी निवासी शाळा होती. तिची परीक्षा पास झाली तर पोरगी इथंच राहणार होती आणि आजोबांना एसटीनं जाऊन भेटता येणार होतं.

"न्हाईतर पुणं," मावशी म्हणाली. "हिच्या आबांना पुणं झेपायचं न्हाई बाई. एकदा गेली की गेली."

मुलगी हुशार होती. पाढे असे म्हणायची की ऐकत राहावं. भागाकार तर एका दमात. पण वाटणीचं शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडलीच. छत्तीस पेढे नऊ मुलांना समान वाटल्यास प्रत्येकास किती? पेन्सिल तोंडात धरून बसली, मग म्हणाली, "बाई, ह्या मुलांत भावंडं कोण कोण हायेत?"

"तुला काय करायचंय? सोयरीक जमवायची का त्यांची?"

"न्हाई. घरं किती ते कळाय पायजे ना."

मला वाटलं, थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी साठ चादरी बारा कामगारांना वाटायच्या होत्या. तिनं उत्तर काढलं पंधरा. म्हटलं, कसे गं? तर म्हणाली, तीन-तीन माणसांची चार घरं धरली. माझं डोकंच फिरलं. "कुठून आणलीस घरं? पुस्तकात लिहिलंय का कुठं? दाखव मला, बोट ठेव!" सगळ्या पोरांनी वहीत डोकी घातली.

ती काही घाबरली नाही. शांतपणे म्हणाली, "शेडात सगळं घरामागं सारखंच मिळतं बाई. चादरी बी, भांडी बी. आमचं घर म्हंजे आबा आन् मी. समोरच्या शेडात लई माणसं हायेत, बाळंतीण बी हाय. त्यांना बी तेवढंच. समान. मग आबांनी आमच्यातल्या चादरी त्यांना निऊन दिल्या. समान वाटलं की कुणाला तरी पुरत न्हाई."

मी उठून आत गेले, पाणी प्यायले, चुलीवरची डाळ उगीचच ढवळली. काय सांगायचं या पोरीला? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पेपर तपासणाऱ्याला समोरच्या शेडातल्या बाळंतिणीचं काय पडलंय? त्याला फक्त पाच हवे होते. आणि ते पाच आले नाहीत तर आजोबा इथं आणि पोरगी पुण्याला.

बाहेर येऊन मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "हे बघ, पुस्तकातली माणसं एकेकटी असतात. त्यांना आई न्हाई, बाप न्हाई, भाऊ न्हाई, बहीण न्हाई. जो तो एकटा." बोलून गेले आणि जीभच चावली.

तिनं जरा विचार केला. "आबा बी न्हाई?"

मी पुस्तकाचं पान उगीच उलटलं.

"एक आबा तरी पायजे बाई."

"बरं, आहे," मी म्हणाले. "प्रत्येकाला एक आबा आहे. पण तो बाहेर झाडाखाली बसलाय, तो वाटणीत येत नाही. आधी एकेकटे धरून उत्तर काढायचं. उत्तर लिहून झालं की मग कोण कुणाचं ते ठरव आणि ज्याला त्याला घरी सोड. कबूल?"

कबूल झाली. त्या दिवसापासून तिची उत्तरं बरोबर यायला लागली, पण एकेक उदाहरण संपता संपेना. उत्तर लिहून झालं की पुटपुटणं सुरू. ह्या दोघी बहिणी, हा त्यांचा चुलतभाऊ, ह्याचं घर लांब आहे तर ह्यानं आधी निघावं. शिंप्याच्या मुलीला तर नवाच खेळ सापडला, तिनं दोन कामगारांची लग्नंसुद्धा लावून टाकली. परीक्षेत वेळ मोजून मिळणार, म्हणून मी टेबलावरचं घड्याळ समोर ठेवायची. चार-पाच उदाहरणं झरझर व्हायची आणि मग एखादा माणूस घरी पोचवण्यात तिचा जीव अडकायचा. मी ओरडायची, "सोड त्याला! पाय आहेत त्याला, पोचेल तो!" माझा आवाज पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा.

बाजाराच्या दिवशी आजोबा यायचे. डोक्याला पटका, पिशवीत ओल्या शेंगा. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसायचे. नात पाढे म्हणायची, ते मान हलवायचे. जाताना मला हळूच विचारायचे, "बाई, जमंल का हिला?" मी म्हणायची, जमेल. मला स्वतःला काही खात्री नव्हती. रात्री ह्यांना म्हणायची, एवढ्याशा जिवाला घड्याळाला बांधायचं म्हणजे पाप आहे. ते म्हणायचे, "मग नको बांधू." सांगायला काय जातं!

परीक्षेच्या दिवशी मावशीला मेसमधून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी आणि आजोबा गेलो. शाळेबाहेर लिंबाखाली बसलो. आजोबांची नजर फाटकावर. मीच आपली बडबडत होते, पेपर सोपा असतो, पोरगी हुशार आहे, असलं काहीबाही. घंटा झाली, पोरं बाहेर सुटली, आणि ही सगळ्यांच्या मागून सावकाश आली.

"वाटणीचं आलं होतं का?"

"आलं होतं. दोन होती."

"मग?"

"एकेकटेच धरले बाई."

"शाब्बास गं माझी वाघीण!" मी तिला जवळच ओढलं. तर तिनं माझा पदर घट्ट धरला.

"पण घरी सोडायला वेळच न्हाई मिळाला," ती म्हणाली, आणि अशी रडली, अशी रडली, की आजूबाजूचे पालक बघायला लागले. आजोबा घाबरून उठले. कोण राहिलं, कुणाला सोडायचं होतं, विचारायला लागले. मी म्हणाले, "काही नाही बाबा, पेपरातली माणसं आहेत." त्यांनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मोठी हायेत न्हवं ती? जातील की आपापली. तू चल." ती हळूहळू गप्प झाली.

निकाल लागला. पास. मावशी मेसमधून पिठाच्या हातांनीच पळत सांगायला आली. मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या खोलीतली बारावीची पोरं खिडकीतून वाकून बघायला लागली. त्यांना काय माहीत, पाचवीच्या निकालात काय असतं ते!

शाळेत सोडायला जायच्या आदल्या दिवशी आजोबा नातीला घेऊन माझ्या पाया पडायला आले. मी म्हणाले, अहो, तुम्ही कशाला पडता, मी लहान आहे. मग ते पायरीवर टेकले. त्यांनी विचारलं, "बाई, तिथं किती वर्सं शिकंल ही?"

"सहावी ते बारावी. सात वर्षं."

"सात."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. मनाशी काहीतरी हिशोब चाललेला दिसत होता. मग एखादं काम अंगावर घेतल्यासारखे म्हणाले, "म्हंजे सात वर्सं मला मरता यायचं न्हाई."

"न्हाईच यायचं," नात म्हणाली.

मला काहीतरी रागावून बोलायचं होतं, असलं अभद्र बोलू नका म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "आणि भेटीच्या रविवारी उशीर केलेला चालायचा नाही. पोरगी फाटकात उभी असेल."

"न्हाई करायचो," आजोबा म्हणाले. मग पटका सारखा करून उठले, आणि भेटीचा रविवार महिन्यातला कितवा असतो, ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.