मेंढपाळ सरदाराच्या खोट्या मरणाबाबत

माझ्यामुळे एका माणसाचा जीव वाचला आणि त्याची शिक्षा मी अजून भोगतोय. तो माणूस खरा नव्हता, पुस्तकातला होता. पण आमच्या गावात, आष्टीत, हे वाक्य अजूनही जरा जपूनच बोलावं लागतं.

सहा वर्षांपूर्वी माझे वडील गोठ्यात घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि तीन महिने ते आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला आले. त्यांची अर्धी हयात मेंढरांमागं गेली, उरलेली शेतात. आता खाटेवर पडून पंख्याकडे बघायचं, एवढंच काम. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पंख्याबद्दल बऱ्याच तक्रारी सांगितल्या. दुसऱ्या आठवड्यात बोलणंच बंद केलं, आणि भाकरी अर्धी ठेवायला लागले.

बायको म्हणाली, "अहो, मामांना काहीतरी वाचून दाखवा. पोथी लावा घरात."

दादांना पोथीचं वेड. श्रावणात आमच्या गावच्या देवळात महिनाभर पोथी लागते. एकजण वाचतो, एकजण अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. नियम एकच, ओळ गाळायची नाही. एका वर्षी वाचणाऱ्याची दोन पानं तेलानं चिकटलेली होती आणि तो तसाच पुढे गेला. दादांनी भर सभेत हात वर केला. "महाराज, मघाशी हा घोड्यावर होता. आता पायी चाललाय. घोडं कुठं गेलं?" पानं सोडवून मागून वाचावं लागलं.

पण त्या संध्याकाळी घरात पोथी नव्हती. मी वाचनालयातून स्वतःसाठी आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, सात भागांच्या एका परदेशी अद्भुत कादंबरीचा पहिला भाग, मराठीत उतरवलेला. त्यात मिठाच्या राजवाड्यात राहणारी राणी होती, पौर्णिमेला उलटी वाहणारी नदी होती, एक आंधळा नावाडी होता. मी आपलं वाचत सुटलो. दादा डोळे मिटून पडले होते. मग एक मेंढपाळ सरदार तीनशे मेंढरं घेऊन लढाईला निघाला, आणि दादा कोपरावर उठले.

"किती मेंढरं?"

"तीनशे."

"आन् कुत्री?"

"दोन."

"दोन कुत्र्यांत तीनशे न्हाई आवरत." जरा वेळ विचार केला. "असंल, कुत्री चांगली असतील. वाच पुढं."

त्या दिवशी ते दीड भाकरी जेवले. सरदाराला त्यांनी कधी त्याच्या नावानं हाक मारली नाही. "आपला माणूस" म्हणायचे.

दीड महिन्यात तीन भाग संपले. चौथा सुरू झाला. संध्याकाळी वाचायचं प्रकरण मी दुपारी ऑफिसात डब्याच्या सुट्टीत आधी वाचून ठेवायचो. मी एका बियाणे कंपनीत कामाला आहे. पिशवीत जी माहितीपत्रिका घालतात ना, किती अंतरावर बी टोबायचं, फवारणी कधी करायची, ती मी लिहितो. तर त्या दुपारी मी डबा उघडला, पुस्तक उघडलं, आणि खिंडीत सरदाराच्या कंठात बाण शिरला. तीन ओळींत माणूस संपला. चौथ्या ओळीत कुत्रीही गेली. माझी भाजी तशीच राहिली.

घरी आलो तर दादा वॉकर धरून दारात उभे. पडल्यापासून पहिल्यांदाच इतकं चालले होते. घामानं डवरलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू मुंबईपर्यंत जाऊन आलेत. म्हणाले, "बघ, आलो की न्हाई! चल, आज आपला माणूस काय करतो बघू."

मी पुस्तक उघडलं आणि वाचलं, "बाण सरदाराच्या उजव्या कानाजवळून गेला."

खरं सांगतो, मला तेवढंच बदलायचं होतं. पण वाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काहीतरी काम लागतं. पुस्तकात त्याच्या मरणानंतर फौज फुटत होती, राणी शत्रूशी तह करत होती, पुढचे तीन भाग त्या तहावर उभे होते. तो जिवंत राहिला आणि सगळंच कोसळलं. तेव्हापासून मी पुस्तक नुसतं समोर धरायचो आणि मनचं सांगायचो. मध्येमध्ये पान उलटायची आठवण ठेवावी लागे. विसरलो की दादा म्हणायचे, "लेका, आजचं पान लई लांब दिसतंय."

हे सगळं दादांसाठी केलं असं लिहायला मला आवडलं असतं. निम्मं तसंच होतं. उरलेलं निम्मं असं, की वीस वर्षं मी "दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवावे" लिहीत आलो होतो, आणि त्यावर आजवर कुणी "मंग पुढं काय झालं?" असं विचारलं नव्हतं. दादा रोज विचारायचे. मला त्याची चटक लागली. सातवा भाग मी वाचनालयातून आणला तो नुसता हातात धरायला.

शेवटी माझ्या सरदारानं सिंहासन नाकारलं आणि राणीकडं सात डोंगरांचं कुरण मागितलं. दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पारायण पूर्ण झालं म्हणून त्यांनी बायकोकरवी शेजारी पेढे वाटले. आठवड्यानं काठी टेकत आष्टीला गेले.

पुढची काही वर्षं काही झालं नाही. मग मी हौसेनं दादांना मोठा टीव्ही घेऊन दिला, आणि त्यावरच्या एका जाहिरातीत नदी उलटी वाहिली.

फोन आला. "अरे, आपलं पुस्तक टीव्हीवर आलंय!"

मालिका हिंदीत होती. दर शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग. दादांच्या बैठकीत दहा-बारा म्हातारी माणसं जमायला लागली. रिटायर झालेले गुरुजी, पिठाच्या गिरणीवाले काका, अशी सगळी देवळातली पोथीची मंडळी. दादा सगळ्यांत पुढं, हातात रिमोट. दर पाच मिनिटांनी मालिका थांबवून अर्थ सांगायचे.

"इथं चुकलं. नावाड्याच्या नावंत कोंबडी पाह्यजे."

"कोंबडीचा खर्चा परवडला नसंल," गुरुजी म्हणायचे.

"राणीला सोन्याचा मुकुट परवडला, आन् कोंबडी न्हाई?"

पहिले दोन सीझन म्हणजे पुस्तकाचे पहिले तीन भाग. तोवर मी सुरक्षित होतो. गावाकडं जाता-येता मी वाट वाकडी करून जांब समर्थच्या देवळाशी उतरायचो आणि हात जोडून मागणं मागायचो, की ही मालिका बंद पडू दे. शेजारी लोक मुलाच्या नोकरीसाठी, लेकीच्या लग्नासाठी डोकं टेकत होते.

मालिका बंद पडली नाही. तिसऱ्या सीझनच्या एका शुक्रवारी बाण सरळ कंठात शिरला. दोन मिनिटांत फोन.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं, दादा."

"मारला ना रे आपला माणूस! पुस्तकात तर बाण कानाजवळून गेल्ता."

मी म्हणालो, "हो."

या एका शब्दाबद्दल मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

नंतर कळलं, की गिरणीवाले काका त्या दिवशी न जेवता निजले. एकानं विचारलं, अंघोळ करावी लागंल का? दादा भडकले, "मेलाच न्हाई तर अंघोळ कशाची?" मग मालिकावाल्यांना निवेदन द्यायचं ठरलं. आमच्याकडं रस्ता खराब झाला, डीपी जळाली, रेशन आलं नाही, की निवेदन देतात. इथं तर चांगला चालता-बोलता माणूस मारला होता. दादांनी मला सांगितलं, "पुरावा जोडावा लागंल. चौथं पुस्तक काढ, ते पान झेरॉक्स कर, आन् रविवारी घेऊन ये."

शनिवारी मी वाचनालयात गेलो. कंठ तो कंठच होता. इतक्या वर्षांत तो बदलला असेल असं मला का वाटावं, कोण जाणे. पानाची झेरॉक्स काढली. मग ऑफिसात बसून, लाज वाटते सांगायला, कॉम्प्युटरवर खोटं पान तयार करायला घेतलं. पहिलंच वाक्य उमटलं, "सरदाराने बाणापासून योग्य अंतर ठेवावे." ते मी पुसून टाकलं.

"अहो, सांगून टाका," बायको म्हणाली. "या वयात मारणार आहेत का मामा तुम्हाला?"

मारलं असतं तर बरं, असं मला वाटत होतं. दादांनी मला कधी मारलं नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि आता तो गावभरच्या अठरा सह्या आणि तीन अंगठ्यांनिशी कागदावर चढला होता.

रविवारी गाडी काढून आष्टीला पोचलो तर सतरंजीवर सगळी मंडळी बसलेली. गुरुजींनी निवेदन वाचून दाखवलं. "विषय : मेंढपाळ सरदार यांच्या खोट्या मरणाबाबत. महोदय, सदर सरदार हे मूळ पुस्तकानुसार हयात असून त्यांना विनाकारण मयत दाखवण्यात आले आहे. सात दिवसांत त्यांना जिवंत न केल्यास आम्ही रास्ता रोको करू व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल."

"आण ते पान," दादा म्हणाले.

मी चप्पलही काढली नव्हती. तसाच दारात उभा राहून म्हणालो, "दादा, पुस्तकात तो मरतो. मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. तिथून पुढं सगळं माझ्या मनचं होतं."

दादा हसले. "तुझ्या मनचं? तुला शाळंत गाईवर निबंध लिहिता आला न्हाई."

मंडळी हसली. मी झेरॉक्स गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. "कंठात शिरला." पुढच्या दोन ओळीही वाचल्या. मग कुणी हसलं नाही.

"मंग ते सात डोंगरांचं कुरण?" दादांनी विचारलं.

"माझं."

"राणीच्या पलंगाखाली निजायचं ते लंगडं मेंढरू?"

"तेही माझं."

"पोथीत हात घातलास," दादा म्हणाले आणि काठी टेकत ओट्यावर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून.

आत गिरणीवाले काका हळूच म्हणाले, "म्हंजे तो सहा वर्षांपूर्वीच मेल्ता. आन् आपण शुक्रवारी उपाशी."

चहा आला, निवला. मी ओट्यावर जाऊन बसलो. म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा दारापर्यंत चालत आला होता. मला वाचवेना."

दादा म्हणाले, "ते एक झालं. मंग पुढं थांबला का न्हाईस?"

उत्तर तयार होतं, तुमच्यासाठीच. ते गिळलं. "मला आवडायला लागलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "हे खरं बोलला," म्हणाले. मग काठी आपटून आत ओरडले, "गुरुजी! झेरॉक्स राहू द्या. हा लिहून देतो ते जोडा."

"पण ते तर यांच्या मनचं," गुरुजी म्हणाले. "पुरावा कसा होईल?"

"पुस्तकवाला काय खिंडीत बघायला गेल्ता? त्यानं बी मनचंच लिहिलं ना?"

गिरणीवाले काका म्हणाले, "बराबर हाय." त्यामुळे ठराव पास झाला.

मी सतरंजीवर बसून लिहायला घेतलं. दोन पानं झाल्यावर दादा म्हणाले, "वाच." मी वाचायला लागलो. आता जरा अनुभव आला होता, म्हणून इथं-तिथं सुधारणा केल्या होत्या. मेंढरं पाचशे केली होती.

"थांब," दादा म्हणाले. "पाचशे कुठून आली? तीनशे. आन् बाण उजव्या कानाजवळून. डाव्या न्हाई."

"मला नीट आठवत नाही, दादा."

"मला हाय ध्यानात. लिही."

आणि ते सांगत गेले. मी सहा वर्षांपूर्वी खाटेशेजारी बसून जे काय बडबडलो होतो ते सगळं, जसंच्या तसं, माझ्या अडखळण्यासकट. त्यातलं बरंचसं रद्दी होतं. राणीचं एक भाषण इतकं लांब होतं, की मी म्हणालो, "दादा, हे गाळू या." त्यांनी नुसतं बघितलं. मी ते भाषण पूर्ण लिहिलं. दिवस मावळेपर्यंत लिहीत होतो. खाली सही करताना त्यांनी मला "वाचणार" असा शब्द लिहू दिला नाही. "ऐकून लिहून घेणार," असं लिहायला लावलं.

निवेदन रजिस्टर पोस्टानं गेलं. उत्तर आलं नाही. रास्ता रोको कापूस वेचणीत राहून गेला.

आता गावी गेलो की सकाळी मी दादांना पेपर वाचून दाखवतो. पाऊस, बाजारभाव, कुणाचं काय. दोन-चार ओळी झाल्या की ते हात वर करतात.

"हे छापलंय, का तुझं?"

"छापलंय, दादा."

तरी पेपर माझ्या हातातून घेतात, उजेडाकडं धरतात, भिंग लावून बोटानं ओळ शोधतात. ओळ सापडली की पेपर परत देतात. "हां. वाच."